आज बरी, उद्या आजारी

(आमवाताचे रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि कामगार कार्यकर्ते यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजाराविषयीच्या सभेत डॉक्टरांनी बोलावे आणि रुग्णांनी ऐकावे, असा आपल्याकडील रिवाज आहे. आज आपण तो मोडला आहे. मी डॉक्टर नाही. माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षे गणित शिकवले आणि त्यांतील शेवटची चौदा वर्षे आमवात माझ्या सोबतीला होता. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तशी माझी इच्छाही नाही. मला बोलायचे आहे ते या आजाराच्या एकाच गुणधर्माविषयी, त्याच्या अनिश्चिततेविषयी. ही अनिश्चितता उत्पन्न होते शरीरात. परंतु तिचे रूपांतर अपमानात आणि दारिद्र्यात होते ते समाजाने कामाची, रजेची आणि कायद्याची जी घडी घातली आहे तिच्यामुळे, असे माझे म्हणणे आहे. शरीराचा भाग आपण वैद्यकशास्त्राकडे सोपवू. घडीचा भाग मात्र आपणां सर्वांचा आहे आणि त्याबद्दल बोलण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.

प्रथम आजाराची ओळख करून घेऊ. आपल्या बोलीत सांध्यांच्या प्रत्येक दुखण्याला 'वात' म्हणण्याची पद्धत आहे. सत्तरीच्या आजोबांचे गुडघे दुखतात तोही वात, आणि तिशीतल्या सुनेची बोटे सुजतात तोही वातच. वस्तुतः हे दोन निराळे आजार आहेत. पहिल्यात वयोमानाने सांधा झिजत जातो. दुसऱ्यात शरीराची जी प्रतिकारयंत्रणा बाहेरच्या जंतूंशी लढायची, तीच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तेथे दाह सुरू होतो, अस्तर सुजते, आणि हा दाह वेळीच आवरला नाही तर कूर्चा आणि हाड कुरतडले जाऊन सांधा कायमचा वाकडा होतो. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात 'आमवात' या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड गॅरॉड या वैद्याने १८५९ साली त्याला 'रुमेटॉइड आर्थरायटिस' हे नाव दिले आणि आज जगभर तेच चालते. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. तो पुष्कळदा ऐन उमेदीच्या वयात, म्हणजे घर आणि रोजगार या दोहोंचा भार खांद्यावर असतानाच, दाराशी येतो.

तो विरळा आहे, अशी समजूत आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सांध्यांच्या आजारांची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आखलेल्या कार्यक्रमाचा ती भाग होती. प्रौढ ग्रामस्थांपैकी हजारी सुमारे पाच जणांना हा आजार असल्याचे तीत दिसून आले. हजारी पाच म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. गणिताच्या शिक्षिकेला तसे वाटत नाही. पाच हजार प्रौढांच्या गावात ही पंचवीस माणसे झाली, आणि त्यांच्या मागे पंचवीस संसार आले. अशी किती गावे आपल्या राज्यात आहेत, हा गुणाकार ज्याने त्याने करावा.

आता अनिश्चिततेकडे वळू. ज्या आजाराचे रोजचे दुःख ठरलेले असते, त्याच्याशी माणूस हळूहळू जुळवून घेतो. ज्याचा पाय गेला, त्याला उद्याही पाय नसणार हे ठाऊक असते. त्याचे दुःख लहान नव्हे, पण उद्याचा अंदाज बांधून त्याला आपला दिवस आखता येतो. आमवाताच्या रुग्णाला तेवढाही आधार नसतो. काही आठवडे बरे जातात. कणीक मळता येते, जिना चढता येतो, आजार गेला की काय असे वाटू लागते. मग एखाद्या सकाळी, कोणतेही ठळक कारण नसताना, मनगटे सुजलेली असतात, मूठ वळत नाही, नळाची तोटी फिरत नाही, साडीच्या निऱ्या बोटांत ठरत नाहीत. आम्ही रुग्ण याला 'उसळी' म्हणतो. ती दोन दिवसांत ओसरेल की दोन महिने मुक्काम करील, हे कोणी सांगू शकत नाही. जोडीला थकवा असतो, आणि हा श्रमाने येणारा, झोपेने जाणारा थकवा नव्हे. रात्रभर विश्रांती घेतलेले माणूस सकाळी दळण दळून आल्यासारखे थकलेले उठते.

बरे, एका दिवसातही हा आजार एकसारखा राहत नाही. दाह वाढवणारी द्रव्ये रात्रीच्या उत्तरार्धात रक्तात चढत जातात आणि दाह आवरणारा शरीराचा स्वतःचा स्राव त्या वेळी अपुरा पडतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून पहाटे सांधे लाकडासारखे जखडलेले असतात, आणि अकरा-बारा वाजता तेच हात बऱ्यापैकी चालू लागतात. येथूनच संशयाला सुरुवात होते. सकाळी जिला पाण्याची बादली उचलता आली नाही, ती दुपारी शेजारणीशी हसून बोलताना दिसते. सोमवारी जी कामावर आली नाही, ती बुधवारी बाजारात भेटते. पाहणारा मनाशी म्हणतो, हे दुखणे की सोंग? रक्ताच्या तपासण्यांनी तरी साक्ष द्यावी, तर अनेक रुग्णांमध्ये या आजाराची म्हणून जी खूण शोधतात ती रक्तात सापडतच नाही. सांध्यांची सूज तपासणाऱ्या बोटांना कळते, कागदावर उमटत नाही. मुळात आजाराचा स्वभाव चंचल. पण आळ येतो रुग्णाच्या चारित्र्यावर. माझ्या एका वरिष्ठांनी मला सर्वांसमक्ष विचारले होते, "बाई, तुमचा आजार परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यांचा मुहूर्त पाहून येतो का?" त्यांचा स्वभाव दुष्ट नव्हता. त्यांना जी व्यवस्था ठाऊक होती तिच्यात माणूस आजारी असे किंवा बरा असे. मधली जागा नव्हती. म्हणून मी त्यांच्यावर रागावत नाही. मी त्या व्यवस्थेविषयी बोलते.

मित्रहो, आपल्या व्यवस्थेत श्रमाचा हिशेब हजेरीने होतो. आपल्या भाषेत त्यासाठी एक नेमका शब्द आहे : खाडा. खाडा म्हणजे हजेरीतील भगदाड. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून जी कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यांच्यात नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधी घेतलेली असते आणि हंगामभर ती अंगमेहनतीने फेडायची असते. बाईने मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत न्यायच्या. एक दिवस ती उठू शकली नाही की कोयता अर्धा होतो, खाडा पडतो, आणि रोज बुडून वर दंड बसतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आणि तिचे विकार यांच्यामुळे पडणारा खाडा टळावा, म्हणून अवयवच काढून टाकण्याकडे कष्टकरी स्त्रिया वळत होत्या, असे त्या वेळी पुढे आले. शरीराच्या चढउताराला जेथे जागाच नाही, तेथे माणसे शरीरच छाटून हजेरीच्या मापाचे करतात. गर्भाशय काढता आले. आमवात झालेल्या बाईने काय काढून टाकावे? हात?

दुसरे उदाहरण सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांचे घ्या. पाने कातरायची, तंबाखू भरायचा, वळायची, दोरा बांधायचा. दिवसभर बोटांच्या पेरांचे काम. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. आमवात पहिला घाव घालतो तो याच पेरांवर. येथे कोणी मुकादम हजेरी घेत नाही, कोणी ओरडत नाही. हजार भरत नाहीत एवढेच. मग घरातल्या मुलीला शाळेतून आल्यावर विड्या वळायला बसवले जाते आणि आईचा आजार मुलीच्या अभ्यासात उतरतो. आईच्या केसपेपरवर या मुलीचा उल्लेख कोठेही नसतो.

आपण म्हणाल, संघटित कामगाराला तरी विम्याचे संरक्षण आहे. आहे, आणि ते मिळवण्यासाठी ज्यांनी लढे दिले त्यांच्याविषयी मला आदर आहे. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा ही स्वतंत्र भारताची पहिली मोठी सामाजिक सुरक्षा योजना. १९५२ साली ती कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या सत्तर टक्के भत्ता, ही तिची मोठी देणगी. परंतु त्या कायद्याने आजाराचे जे चित्र डोळ्यांपुढे धरले, ते टायफॉइडसारख्या आजाराचे होते : माणूस पडतो, काही आठवडे अंथरुणावर राहतो, बरा होऊन कामावर येतो. म्हणून नियम असा झाला की, आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्त्यात मोजायचे नाहीत. आधीचे आजारपण संपून पंधरा दिवस उलटले नसतील तरच त्यातून सूट. भत्त्याला पात्र होण्यासाठी सहा महिन्यांच्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी, असाही दंडक होता. आता माझ्या आजाराकडे पाहा. महिन्यातून एकदा दीड-दोन दिवसांची उसळी येते. ती प्रत्येक वेळी त्या 'पहिल्या दोन दिवसां'तच संपते आणि तिचा भत्ता शून्य. लांब उसळ्या आल्या तर हजेरी तुटते आणि पात्रताच धोक्यात येते. ज्याला आधाराची गरज वारंवार, त्याच्याच हातून आधार निसटावा अशी ही रचना. हे जुने कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र केले गेले आहेत. आजाराच्या कल्पनेचा मात्र कोणी नव्याने विचार केला, असे मला दिसत नाही.

अपंगत्वाच्या कायद्याची गोष्ट याहून विचार करण्याजोगी आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले. हे पाऊल निःसंशय पुढचे आहे. त्यात कंपवात आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आला, हिमोफिलिया आणि सिकलसेल आले. आमवाताचे नाव त्या यादीत नाही. आमवाताचा रुग्ण तेथे पोचतो तो चलनवलनाच्या अपंगत्वाच्या दाराने, म्हणजे सांधे कायमचे निकामी झाल्यावर. आणि आरक्षणासारख्या मुख्य सवलतींसाठी ते अपंगत्व किमान चाळीस टक्के भरावे लागते. आता यातील विसंगती पाहा. आजार लवकर ओळखून नियमित उपचार केले तर सांधे वाचतात, हे आज वैद्यकशास्त्र छातीठोकपणे सांगते. सांधे वाचलेल्या रुग्णाला उसळ्या येतच राहतात, थकवा राहतो, सकाळचे जखडणे राहते. पण प्रमाणपत्र देणाऱ्याच्या मोजपट्टीवर त्याचा टक्का शून्य. बोटे वाकडी झाली, मनगट बसले, मग टक्के भरतात आणि शासन म्हणते, आता तुम्ही आमच्या मदतीस पात्र आहात. घर जळून गेल्यावर नुकसानभरपाई मिळते; ते जळू नये म्हणून बादलीभर पाणी मात्र मिळत नाही. शिवाय तपासणीची तारीख आधी ठरलेली असते. त्या दिवशी उसळी नसेल तर रुग्ण धडधाकट, असेल तर पंगू. एका दिवसाच्या मापावरून वर्षाचा निष्कर्ष काढणाऱ्या मुलाला मी वर्गात गुण दिले नसते.

औषधांबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण तेथेही अनिश्चितता आहे आणि ती सर्वस्वी माणसाने निर्माण केलेली आहे. या आजारावरचे आजचे प्रमुख औषध मेथोट्रेक्सेट. त्याच्या जन्मकथेत एका भारतीयाचे नाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख होते. फोलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारी जी द्रव्ये त्यांच्या चमूने तयार केली, त्यांतूनच मेथोट्रेक्सेट आले. सुब्बाराव १९४८ साली वारले. ही द्रव्ये प्रथम मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरली गेली. पुढे कित्येक वर्षांनी अल्प मात्रेत मेथोट्रेक्सेट आमवातावर गुणकारी ठरले आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला त्या कामासाठी मान्यता मिळाली. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. म्हणून चिठ्ठीवर वार ठळक लिहून घ्यावा, एवढी एकच सूचना मी अधिकार नसतानाही करते. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. गोळी महाग नाही. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. मग अडते कोठे? अडते ते या ठिकाणी : तालुक्याच्या गावी संधिवाताचा तज्ज्ञ नसतो, रक्त तपासायला आणि चिठ्ठी बदलून घ्यायला जिल्ह्याच्या किंवा त्याहून दूरच्या शहरी जावे लागते, आणि प्रत्येक फेरीला एक खाडा पडतो. आपल्या सरकारी आरोग्यविमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहेत. आमवाताचा रुग्ण बहुतेक आयुष्य बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर काढतो. त्याचा खर्च थेंबाथेंबाचा, आणि थेंब मोजायला कोणी तयार नाही.

ही पोकळी भरून काढायला दुसरेच लोक टपलेले असतात. आठवडे बाजारात 'वातावरची पुडी' मिळते. ती घेतल्यावर दोन दिवसांत सूज उतरते आणि माणूस पळू लागतो. कित्येकदा अशा पुडीत जडीबुटीच्या नावाखाली स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइड हे काही विष नव्हे. मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी १९४८ साली कॉर्टिझोन प्रथम आमवाताच्याच रुग्णाला दिले आणि १९५० साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. परंतु मात्रा न कळता महिनोन्‌महिने घेतले तर चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि एकदम थांबवले तर प्राणावर बेतू शकते. असे असूनही बाई पुडी का घेते? ती अडाणी आहे म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि खोटे आहे. तिला उद्या कामावर जायचे आहे, म्हणून ती पुडी घेते. शास्त्रशुद्ध औषध तीन महिन्यांनी गुण देणार; तोवर तिचा खाडा कोण भरून देणार? ज्या समाजाने तिला तीन महिन्यांचा अवधी दिला नाही, त्याने तिला अंधश्रद्ध म्हणू नये.

२०२० चा मार्च आठवा. कोरोनाच्या प्रतिबंधासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यावे, असा सल्ला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिला. पाठोपाठ घाबरलेल्या लोकांनी गोळ्यांचा साठा केला आणि आमवाताचे व ल्युपसचे रुग्ण जी गोळी रोज घेतात, तीच दुकानांतून दिसेनाशी झाली. दाखल झालेल्या कोरोना रुग्णांना तिचा फायदा होत नाही, हे त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवले. दरम्यानच्या काळात ज्यांची गोळी चुकली, त्यांच्या उसळ्यांची नोंद कोठेही झाली नाही. संकटकाळी वाटप करताना गोळीवर पूर्वीपासून कोण अवलंबून आहे, हा प्रश्न पहिल्या दिवशी कोणी विचारला नाही. माझी तक्रार आहे ती यासाठी.

आता एका आक्षेपाचा विचार करू, कारण तो प्रामाणिक माणसेही घेतात. ते म्हणतात, रुग्णाच्या शब्दावर विसंबून रजा देऊ लागलो तर कामचुकारांचे फावेल. फावेल, थोडे फावेल. परंतु हिशेबाच्या दोन चुका असतात : खोट्याला खरे धरणे ही एक आणि खऱ्याला खोटे ठरवणे ही दुसरी. पहिली चूक अजिबात होऊ नये असा अट्टहास धरला की दुसरी अपरिमित वाढते. आज आपण दहा कामचुकार सुटू नयेत म्हणून शंभर आजाऱ्यांना रोज शपथेवर उभे करतो. त्यात आणखी एक तोटा आहे. जिला ठाऊक आहे की विश्वास ठेवला जाणार नाही, ती उसळीतही कामावर येते, सुजलेल्या सांध्यांवर भार टाकते, आणि दोन दिवसांत ओसरले असते ते दोन आठवडे रेंगाळते. संशय नीतीच्या दृष्टीने वाईट आहेच, हिशेबातही तो तोट्याचाच आहे.

आणि ही माणसे काम करू शकत नाहीत, असेही कोणी समजू नये. डोरोथी हॉजकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञ स्त्रीला ऐन तारुण्यात आमवाताने गाठले. तिची बोटे वाकडी झाली. त्याच बोटांनी ती स्फटिक हाताळत राहिली, १९६४ साली तिला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९६९ साली, म्हणजे पहिल्या प्रयत्नांनंतर तीस-पस्तीस वर्षांनी, तिने इन्सुलिनची रचना उलगडली. अशा गोष्टी सांगून रुग्णांना 'जिद्द धरा' असा उपदेश करण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. हॉजकिनपाशी जिद्द होती यात शंका नाही. परंतु तिच्यापाशी ऑक्सफर्डमधील एक कॉलेज होते, ज्याने १९३८ साली बाळंतपणासाठी तिला पगारी रजा दिली. तिच्यापाशी सहकारी होते, घरकामाला मदत होती, आणि कामाचे फळ दिवसाच्या हजेरीवर न मोजता वर्षांच्या मापाने मोजणारे क्षेत्र होते. विडी वळणाऱ्या बाईपाशी जिद्द कमी आहे, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय? तिच्यापाशी कमी आहे तो अवधी.

तेव्हा मागणे काय? मी मोठ्या घोषणा देणार नाही. पहिली गोष्ट रजेची. निदान एकदा झाले की वर्षासाठी एकच दाखला पुरावा, आणि त्यावर तुटक दिवसांची, अर्ध्या दिवसांचीही रजा मिळावी. उसळीच्या सकाळी सुजलेल्या पायांनी दाखल्यासाठी दवाखान्याची पायरी चढायला लावू नये. दुसरी वेळेची. जेथे शक्य आहे तेथे अशा कामगाराला सकाळच्या पहिल्या पाळीतून सूट द्यावी. दोन तास उशिरा सुरू केलेले काम दोन तास उशिरापर्यंत चालू शकते. २०१६ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या ठिकाणी योग्य ते फेरबदल करण्याची जबाबदारी टाकली आहे आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढून टाकण्यास मनाई केली आहे. हेच तत्त्व अपंगत्व येण्यापूर्वी लावायचे आहे. तिसरी मोजमापाची. चढउताराच्या आजारांचे माप एका दिवसाच्या तपासणीवर न ठेवता वर्षभराच्या उपचारनोंदींवर ठेवावे. चौथी औषधाची. मेथोट्रेक्सेट, फोलिक आम्ल आणि रक्ततपासणी ही ग्रामीण रुग्णालयात दरमहा ठरल्या दिवशी मिळावी. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या जर तेथे मिळू शकतात, तर या का मिळू नयेत? आणि पाचवी, सर्वांत अवघड : आजारपणाच्या खाड्याचा दंड ऊसाच्या फडातून हद्दपार व्हावा. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने महामंडळ स्थापन केले आहे. आजारी दिवसांचा भत्ता हे त्याचे पहिले काम व्हावे. येथे बसलेल्या कार्यकर्त्यांना मी विनंती करते की, पुढच्या करारात वेतनवाढीच्या कलमांबरोबर यांतील एक तरी कलम घाला. संघटनेच्या मागणीपत्रात हा आजार अद्याप शिरलेला नाही.

शेवटी घराविषयी. सरकार आणि मालक यांच्याकडे बोट दाखवताना आपला उंबरठा विसरून चालणार नाही. घरात ना हजेरीपट असतो ना रजा. उसळीच्या दिवशीही भाकरी थापलीच पाहिजे, धुणे पिळलेच पाहिजे, आणि ते बाईनेच केले पाहिजे, अशी आपली रीत. पुष्कळ घरांत पुरुष दवाखान्याचा खर्च आनंदाने करतात, पण कणकेला हात लावत नाहीत. बंधूंनो, कणीक मळणे हा या आजारातील उपचाराचा भाग आहे. फक्त ती रुग्णाने मळायची नाही. आणि भगिनींनो, आपणही एक सवय सोडली पाहिजे. बऱ्या दिवशी आठवड्याची सगळी तुंबलेली कामे उरकून टाकण्याची आपल्याला घाई असते, कारण उद्याचा भरवसा नसतो. त्या घाईचे व्याज दुसऱ्या दिवशी सांधे वसूल करतात. बऱ्या दिवसातला थोडा भाग शिल्लक ठेवायला शिकले पाहिजे, आणि 'आज नाही जमणार' हे वाक्य क्षमा न मागता उच्चारले पाहिजे.

आमवात आपल्या हयातीत समूळ जाईल की नाही, हे शास्त्रज्ञ जाणोत. उसळ्या कदाचित येतच राहतील. परंतु उसळी आली म्हणून रोजी जाईल, इज्जत जाईल, मुलीची शाळा सुटेल, हे निसर्गाने ठरवलेले नाही. ते आपण ठरवले आहे, नियमांत लिहून ठेवले आहे, आणि लिहिलेले नियम बदलता येतात. एवढेच सांगून मी आपली रजा घेते.